घरातील राउटरची इंटरनेट जोडणी : मांडणी आणि दोषशोधन

घरगुती राउटरला इंटरनेटची जोडणी कशी द्यायची आणि ती बंद पडली तर दोष कुठे शोधायचा, हे या पाठात आपण पाहणार आहोत. आयपी पत्ता, नॅट, डीएचसीपी, डीएनएस हे शब्द विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेले असतात. ते सगळे एकाच वेळी, एकाच छोट्या डबीत काम करताना पाहायचे असतील, तर घरातल्या भिंतीवर टांगलेल्या राउटरइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. त्यातच आता प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, वीजबिल, दूरचे वर्ग हे सगळे त्याच डबीतून जाते. त्यामुळे ती बंद पडल्यावर केवळ केबलवाल्याची वाट पाहत बसण्यापेक्षा तिचे म्हणणे समजून घेतलेले बरे.

"वायफाय आहे, पण नेट नाही" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. बोलणाऱ्याला ते विचित्र वाटते, पण तांत्रिकदृष्ट्या ते अगदी अचूक आहे. वायफाय हे आपल्या घरातले जाळे, तर नेट हे सेवादात्याकडून येणारे. राउटर या दोन जाळ्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला 'वॅन' आणि आतल्या बाजूला 'लॅन' म्हणतात. राउटरमधली जवळजवळ प्रत्येक सेटिंग यांपैकी एका बाजूची असते. कोणती सेटिंग कोणत्या बाजूची, हे कळले की निम्मे काम झाले.

घरापर्यंत काय येते

आज नवी जोडणी बहुधा काचतंतूची, म्हणजे फायबरची असते. सेवादात्याच्या खोलीत ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरमध्ये फुटतो आणि ३२ किंवा ६४ घरांत जातो. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो फक्त प्रकाश वाटतो. या पद्धतीचा आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे जीपॉन. त्यात घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि घरातून परत जाणारा १३१० नॅनोमीटरचा, म्हणून एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक चालते. येताना सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट आणि जाताना सुमारे १.२५ गिगाबिट एवढी क्षमता त्या तंतूवरच्या सर्व घरांत वाटली जाते. दोन्ही तरंगलांबी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे 'प्रकाश येतोय का' हे पाहण्यासाठी तंतूच्या टोकात डोकावू नये. दिसणार काहीच नाही, आणि डोळ्याला धोका मात्र आहे.

घरात या तंतूचे टोक ज्या डबीत जाते तिला ओएनटी म्हणतात. बोलताना लोक 'ओएनयू' किंवा नुसते 'मोडेम' म्हणतात. प्रकाश दोन ठिकाणी वाटला की प्रत्येकाला निम्मा मिळतो. ३२ घरांत वाटणे म्हणजे पाच वेळा निम्मा करणे. म्हणूनच घरी पोचलेला प्रकाश अतिशय मंद असतो आणि तो डीबीएम या मापात मोजतात. हे माप लघुगणकी आहे : साधारण ३ एकक खाली गेले की शक्ती निम्मी झाली असे समजावे. नेहमीच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम एवढ्या मर्यादेतला प्रकाश वाचता येतो. तंत्रज्ञ मीटर लावून "पॉवर उणे एकवीस आहे, चांगली आहे" म्हणतो, त्याचा अर्थ हा. उणे २७ च्या आसपास आलेली जोडणी चालेल, पण लाडात चालेल, मधूनच तुटेल. दारात चेमटलेली किंवा काटकोनात वाकवून खिळ्याने ठोकलेली तार हे याचे नेहमीचे कारण.

ओएनटीवरचे दोन दिवे ओळखीचे हवेत. 'पॉन' हा हिरवा आणि स्थिर असावा. तो लुकलुकत असेल तर ओएनटी अजून ओएलटीकडे नोंदणी करत आहे. 'एलओएस' हा दिवा विझलेला असावा. तो लाल झाला तर प्रकाश येतच नाही. 'लॉस ऑफ सिग्नल' याची ही आद्याक्षरे आहेत, पण सगळे त्याला 'लॉस' म्हणतात आणि "लॉस आलाय" हे वाक्य ऐकून नव्या माणसाला धंद्यात तोटा झाल्यासारखे वाटते. हा दिवा लाल असताना राउटरमध्ये कोणतीही सेटिंग बदलण्यात अर्थ नाही. तार तुटली आहे, किंवा जोड निघाला आहे. सेवादात्याला कळवावे.

उंबऱ्यावर काय चालते

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जगातल्या प्रत्येक फोनला, दूरदर्शन संचाला आणि कॅमेऱ्याला त्यातला स्वतंत्र पत्ता देणे शक्य नाही. १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. तुमच्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.१२ असेल, तर शेजारच्या घरातही त्याच पत्त्याचा एखादा फोन असू शकतो. दोघांचे भांडण होत नाही, कारण हे पत्ते घराबाहेर जातच नाहीत.

मग बाहेरून उत्तर परत कसे येते? समजा, तुमचा फोन एखाद्या संकेतस्थळाकडे मागणी पाठवतो. तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.१२ आणि पोर्ट क्रमांक ५१५१४ असतो. राउटर तो पत्ता खोडून त्या जागी स्वतःचा बाहेरचा पत्ता आणि एक नवा पोर्ट, समजा ४०००७, लिहितो आणि आपल्या वहीत नोंद करतो : ४०००७ म्हणजे आतल्या १९२.१६८.१.१२ चा ५१५१४. उत्तर ४०००७ वर आले की वही पाहून ते फोनकडे पाठवतो. मोठ्या सोसायटीत सगळी टपाले गेटवरच्या एकाच पत्त्यावर येतात आणि पहारेकरी रजिस्टर पाहून फ्लॅटकडे पोचवतो, तसेच. या पत्ताबदलाला नॅट म्हणतात. एक गोष्ट यातूनच निघते : ज्याची नोंद वहीत नाही असे बाहेरून आलेले पाकीट राउटर कोणालाच देत नाही, टाकून देतो. घराला मिळणारे बरेचसे संरक्षण या साध्या कारणाने मिळते.

आतल्या उपकरणांना १९२.१६८ चे पत्ते वाटणे हे डीएचसीपीचे काम, आणि तेही राउटरच करतो. संगणकावर कधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो कोणी दिलेला नसतो. पत्ता मागूनही कोणी उत्तर दिले नाही, म्हणून संगणकाने स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी दोष घराच्या आत आहे.

वॅनचा प्रकार : येथेच बहुतेक जोडण्या अडतात

राउटरला बाहेरचा पत्ता कसा मिळणार, हे वॅन सेटिंगमध्ये सांगावे लागते. प्रकार मुख्यतः तीन. 'डायनॅमिक आयपी' मध्ये राउटर स्वतः सेवादात्याकडे डीएचसीपीने पत्ता मागतो. आपल्याला काही भरावे लागत नाही. 'स्टॅटिक आयपी' मध्ये सेवादात्याने दिलेला पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे चारही आकडे जसेच्या तसे भरायचे. तिसरा प्रकार पीपीपीओई. भारतात स्थानिक सेवादात्यांकडे तो फार दिसतो, आणि समजून घेण्यासारखाही तोच आहे.

टेलिफोन लाइनवर डायल करून इंटरनेट घेण्याच्या काळात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड तपासून सत्र सुरू करण्याचे काम पीपीपी हा प्रोटोकॉल करत असे. पुढे ब्रॉडबँड आले, लाइन कायम जोडलेली राहू लागली, पण सेवादात्यांना ग्राहकाची ओळख, हिशेब आणि थकबाकीदाराची जोडणी बंद करण्याची सोय हवीच होती. म्हणून तीच पद्धत इथरनेटवर बसवली. १९९९ च्या फेब्रुवारीत आरएफसी २५१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नंबर फिरवणे गेले, लॉगिन राहिले.

ही जोडणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात शोध. राउटर तारेवर मोठ्याने विचारतो, "कोणी सर्व्हर आहे का?" या संदेशाचे नाव पाडी. सर्व्हर "मी आहे" म्हणतो, तो पाडो. राउटर "मग मला सत्र द्या" म्हणतो, तो पाडर. सर्व्हर सत्राचा क्रमांक देतो, तो पाडस. (नावे ऐकायला कवायतीतल्या हुकमांसारखी आहेत, पण प्रयोगवहीत याच क्रमाने लिहावीत.) दुसऱ्या टप्प्यात पीपीपी सुरू होते : आधी दोन्ही बाजू आपसांत नियम ठरवतात, मग पॅप किंवा चॅप पद्धतीने नाव आणि पासवर्ड तपासला जातो, आणि शेवटी राउटरला आयपी पत्ता मिळतो.

हा क्रम पाठ करण्यासाठी नाही, दोष ओळखण्यासाठी आहे. राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे 'सिस्टिम लॉग' मध्ये, पाडी वारंवार जात आहे आणि पाडो येतच नाही असे दिसले, तर नाव-पासवर्ड चुकला असण्याचा प्रश्नच नाही. ते अजून कोणी विचारलेलेच नाहीत. अशा वेळी तार, ओएनटी किंवा व्हीलॅन तपासावे. काही सेवादाते इंटरनेटची वाहतूक विशिष्ट व्हीलॅन क्रमांकावर ठेवतात. तो क्रमांक राउटरमध्ये भरला नाही, तर आपली हाक सर्व्हरपर्यंत पोचत नाही. याउलट 'ऑथेंटिकेशन फेल्ड' असा शेरा दिसला, तर तार उत्तम आहे, सर्व्हर बोलतो आहे, फक्त त्याने आपल्याला ओळखले नाही. नाव-पासवर्ड पुन्हा टंकावा, मोठी-लहान अक्षरे पाहावीत आणि पॅकची मुदत संपली नाही ना, हेही पाहावे. शेवटचे कारण वाटते त्यापेक्षा अधिक वेळा निघते.

वीज गेली-आली की आणखी एक प्रकार घडतो. राउटर अचानक बंद पडल्याने त्याने सर्व्हरचा निरोप घेतलेला नसतो, आणि सर्व्हर जुने सत्र चालू आहे असेच समजत असतो. एका ग्राहकाला एकच सत्र असा नियम असेल तर नवे लॉगिन नाकारले जाते. चार-पाच मिनिटांत सर्व्हर जुने सत्र बंद करतो आणि जोडणी आपोआप येते. या काळात अधीर होऊन राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याने काही साधत नाही.

पीपीपीओईचा एक बारीक कर आहे. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. त्यांतले ८ बाइट पीपीपीओईच्या शीर्षकाला लागतात, म्हणून आपल्या मालाला १४९२ उरतात. या मापाला एमटीयू म्हणतात. राउटरमध्ये पीपीपीओई निवडून एमटीयू १५०० वर ठेवला, तर गंमतशीर लक्षणे दिसतात : संदेश जातात, शोधयंत्र उघडते, पण काही संकेतस्थळे अर्धी उघडून थांबतात किंवा मोठी फाइल चढतच नाही. छोटी पाकिटे निघून जातात, मोठी अडतात. बहुतेक राउटर पीपीपीओई निवडताच स्वतःच १४९२ घेतात. तरी एकदा नजर टाकावी.

प्रत्यक्ष मांडणी

सुरुवातीला एक सूचना, आणि ती या पाठातली सर्वांत महत्त्वाची समजावी. जुना राउटर काढण्यापूर्वी किंवा रिसेट करण्यापूर्वी पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड आपल्याकडे कागदावर आहे याची खात्री करा. राउटरच्या मागे टाचणी घालून दाबायचे जे छिद्र असते, ते दहा-एक सेकंद दाबले की सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि राउटर कारखान्यातून आला तसा होतो. जोडणी देताना तंत्रज्ञाने नाव-पासवर्ड स्वतःच भरून दिलेला असतो, घरात कोणी तो पाहिलेला नसतो. मग अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी नेट मंद झाले म्हणून कोणीतरी ते छिद्र दाबते, आणि मंद का होईना चालणारे नेट पूर्ण बंद पडते. रिस्टार्ट आणि रिसेट हे वेगळे शब्द आहेत. पहिल्यात राउटर झोपून उठतो. दुसऱ्यात तो सगळे विसरतो. नाव-पासवर्ड मागणे हा ग्राहकाचा हक्काचा प्रश्न आहे. जोडणीच्या दिवशीच विचारून घ्यावा.

आता जोडणी. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या पोर्टमध्ये लावा. हे पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचे असते. संगणक असेल तर दुसऱ्या केबलने तो राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. फोनवरून सेटिंग करणार असाल तर राउटरच्या तळावरच्या चिठ्ठीवर वायफायचे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो, तो वापरा. पण फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करा. वायफायवर इंटरनेट नाही असे दिसताच अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि मग राउटरचे पान उघडत नाही.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिठ्ठीवर दिलेला पत्ता भरा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. टंकताना अर्थातच इंग्रजी अंक वापरायचे. ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा इशारा देईल. आपण आपल्याच घरातल्या यंत्राशी केबलवरून बोलत असल्याने येथे तो अडसर मानू नये. राउटर प्रथम व्यवस्थापकाचा पासवर्ड ठरवायला सांगेल. त्यानंतर इंटरनेटच्या पानावर जाऊन वॅनचा प्रकार निवडा, पीपीपीओई असेल तर नाव आणि पासवर्ड भरा, सेव्ह करा, आणि 'स्टेटस' चे पान उघडा.

या पानावरचा वॅन आयपी वाचायला शिकले पाहिजे. ०.०.०.० दिसत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही. १०० ने सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असलेला पत्ता दिसला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे तुमचा राउटर घरात जे करतो, तेच सेवादाता आणखी मोठ्या प्रमाणावर करत आहे आणि शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरत आहे. हे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. संकेतस्थळे पाहायला याने काही अडत नाही. पण गावच्या घरातला कॅमेरा पुण्याहून थेट पत्त्यावर पाहायचा असेल, तर घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही, कारण बाहेरची वही सेवादात्याच्या हातात आहे. अशा वेळी सेवादात्याकडून वेगळे पैसे भरून सार्वजनिक स्थिर पत्ता घ्यावा लागतो, किंवा निर्मात्याच्या सर्व्हरमार्फत चालणारा कॅमेरा घ्यावा लागतो. सेवादाता आयपीची सहावी आवृत्ती देत असेल तर राउटरमध्ये ती सुरू ठेवा. तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे हा नॅटवर नॅटचा खटाटोप तिला लागत नाही.

सगळे बरोबर भरूनही पत्ता मिळाला नाही, तर मॅक बंधनाचा विचार करावा. प्रत्येक राउटरच्या वॅन पोर्टला स्वतःचा मॅक पत्ता असतो, आणि काही सेवादाते ग्राहकाची जोडणी जुन्या राउटरच्या मॅकशी बांधून ठेवतात. नवा राउटर त्यांना अनोळखी वाटतो. फोन करून नवा मॅक नोंदवून घ्यावा. दोन मिनिटांचे काम असते.

एकामागे एक दोन राउटर

हल्ली सेवादाता देतो त्या ओएनटीतच वायफाय आणि राउटर असतो. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण आणखी एक राउटर आणतो आणि त्याचे वॅन पोर्ट ओएनटीला जोडतो. नेट चालते, पण आता घरात दोन उंबरे झाले. वरच्या खोलीतला फोन खालच्या खोलीतला प्रिंटर शोधू शकत नाही, कारण दोघे वेगळ्या जाळ्यांत आहेत. त्यातच दोन्ही राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नवा राउटर गोंधळतो : एकच पत्ता आतही आणि बाहेरही.

यावर दोन उपाय आहेत. सोपा म्हणजे नव्या राउटरच्या 'ऑपरेशन मोड' मध्ये 'ॲक्सेस पॉइंट' निवडणे. मग तो पत्ते वाटत नाही, नॅट करत नाही, फक्त वायफाय पसरवतो. दुसरा म्हणजे ओएनटीला 'ब्रिज मोड' मध्ये टाकून राउटरचे सगळे काम नव्या राउटरकडे देणे. आपला राउटर अधिक ताकदीचा असेल तर हे चांगले, पण ओएनटीची ती सेटिंग बहुधा सेवादात्याच्या हातात असते. घरगुती वापराला पहिला उपाय पुरतो, असे माझे मत आहे.

आतली बाजू

वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झ भिंती ओलांडून दूर जाते, पण तिथे शेजारपाजारच्या राउटरची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमते. जुन्या दगडी घरात किंवा सळईच्या काँक्रीटमध्ये हा फरक लगेच कळतो. राउटर लोखंडी कपाटावर किंवा दूरदर्शन संचाच्या मागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. वेग मोजताना एकक पाहावे : १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. आणि राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असेल, तर २०० चा पॅक घेऊन केबलवर १०० च्या पुढे काही मिळणार नाही.

पासवर्ड दोन असतात आणि ते वेगळे असावेत. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगतो. दुसरा व्यवस्थापकाचा, जो कोणालाही सांगायचा नाही. वायफायसाठी डब्ल्यूपीए३ किंवा निदान एईएससह डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूपीएस ही बटणाची सोय बंद ठेवा. तिचा आठ आकडी पिन थोड्या प्रयत्नांत शोधता येतो हे २०११ मध्येच उघड झाले आहे. रिमोट मॅनेजमेंट बंद असावे, आणि फर्मवेअर अधूनमधून अद्ययावत करावे.

व्यवस्थापकाचा पासवर्ड 'ॲडमिन' असाच ठेवल्याने काय होते, याची उदाहरणे आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने कारखान्यातलेच पासवर्ड वापरून असंख्य राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला होऊन अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांकडचे अनेक ब्रॉडबँड मोडेम याच कारणाने बिघडले, आणि निगमला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. याहून चोरटा प्रकार म्हणजे राउटरमधला डीएनएसचा पत्ता बदलणे. मग बँकेचे नाव बरोबर टंकूनही भलत्याच सर्व्हरवर जाता येते, आणि घरातल्या एकाही संगणकात विषाणू सापडत नाही, कारण बिघाड उंबऱ्यावर असतो.

दोष कुठे आहे

तपासणी आतून बाहेर करावी. संगणकाच्या कमांड खिडकीत प्रथम राउटरच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आले नाही, तर दोष घरात आहे : केबल, वायफाय किंवा राउटर. उत्तर आले, तर ८.८.८.८ या गुगलच्या डीएनएस सर्व्हरला पिंग करा. येथे उत्तर थांबले, तर घरातले जाळे ठीक आहे आणि दोष वॅन बाजूचा. स्टेटसचे पान आणि ओएनटीचे दिवे पाहा. येथूनही उत्तर आले, पण संकेतस्थळाच्या नावाला पिंग केल्यावर 'सापडत नाही' असे आले, तर जोडणी पूर्ण चालू असून फक्त नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस बंद आहे. राउटरमध्ये दुसरा डीएनएस भरला की काम होते. अशा वेळी लोक सर्रास तारेला दोष देतात.

विजेचाही विचार करा. इन्व्हर्टरवर राउटर असतो, पण ओएनटी दुसऱ्या प्लगवर राहतो. मग वीज गेल्यावर वायफाय दिसते आणि नेट नसते. दोन्ही एकाच बॅकअपवर हवेत. अडॅप्टरची अदलाबदल मात्र करू नये. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची पिन राउटरला बसते, म्हणून व्होल्ट जुळतीलच असे नाही. व्होल्ट तेवढेच आणि ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त, हा नियम.

तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढेच सांगू नये. एलओएस लाल आहे की नाही, पॉनचा दिवा स्थिर आहे का, वॅन आयपी काय दिसतो आणि लॉगमध्ये कोणता शेरा आहे, हे चार तपशील सांगितले तर पलीकडचा माणूस तार जोडणारा पाठवायचा की खाते तपासायचे, हे फोनवरच ठरवू शकतो. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

सरावासाठी

१. एका घरात पॉन दिवा हिरवा व स्थिर आहे, वॅन आयपी ०.०.०.० आहे आणि लॉगमध्ये फक्त पाडीच्या नोंदी आहेत. पासवर्ड बदलून उपयोग होईल का? कारण लिहा.

२. पीपीपीओई जोडणीवर एमटीयू १४९२ असताना, आयपीचे २० आणि टीसीपीचे २० बाइट वजा केल्यावर एका पाकिटात किती बाइट माल मावतो?

३. आपल्या घरच्या राउटरचा वॅन आयपी पाहा. तो सार्वजनिक आहे, खाजगी आहे की सीजीनॅटचा? खाजगी असल्यास ओएनटी कोणत्या मोडमध्ये असावा, याचा अंदाज करा.